निवेदिकेनं नाव सांगायचं नसतं

या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ज्यांचं नाव आहे, त्यांचं नाव मी या प्रस्तावनेत लिहिणार नाही. आम्ही आकाशवाणी केंद्रावर सगळेच त्यांना ‘ताई’ म्हणायचो, मीही तेच म्हणणार आहे. मी निवेदिका म्हणून रुजू झाले त्या दिवशी ताईंनी मला ड्युटीरूममध्ये बसवून चहा पाजला आणि दोन गोष्टी सांगितल्या. ‘एक, हातातल्या बांगड्यांचं काय करायचं ते ठरव. दुसरं म्हणजे, आत गेलीस की स्वतःचं नाव विसर.’ बांगड्यांचं पुढे येईलच. आधी नावाचं सांगते.

रेडिओवर बातम्या वाचणाऱ्याला नाव असायचं. तो आधी नाव सांगायचा आणि मगच बातमी सुरू करायचा. पुण्याहून प्रादेशिक बातम्या वाचणाऱ्या सुधा नरवणे हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पाठ होतं. ३१ डिसेंबर २०१९ ला जनरल मनोज नरवणे लष्करप्रमुख झाले, तेव्हा माझ्या पिढीतल्या कित्येकांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते ‘अरे, बातम्यांतल्या सुधाताईंचा मुलगा!’ सैन्याचा प्रमुख झालेला मुलगा आईच्या आवाजावरून ओळखला गेला. निवेदकाच्या वाट्याला हे भाग्य नव्हतं. तो केंद्राचं नाव सांगायचा, किती वाजले ते सांगायचा, कुठल्या लहरीवर ऐकताय ते सांगायचा. पुणे केंद्र असेल तर मध्यम लहरींवर ३७८.८ मीटर, म्हणजे ७९२ किलोहर्ट्झ. मीटरच्या अपूर्णांकापर्यंत सगळं सांगायचं, फक्त बोलणारी कोण ते सांगायचं नाही. आमच्या वेळी तरी अशीच शिस्त होती. ताईंनी ती तीसहून अधिक वर्षं पाळली. बाजारात भाजी घेताना त्यांनी ‘पाव किलो गवार’ म्हटलं की शेजारची बाई वळून बघायची. आवाज कुठे ऐकलाय ते तिला आठवायचं नाही, आणि ताई तिला आठवण करून द्यायच्या नाहीत.

गेल्या वर्षी ताई गेल्या. दोनेक महिन्यांनी त्यांच्या यजमानांचा फोन आला. त्यांना आम्ही ‘सर’ म्हणतो, कारण ते जन्मभर हायस्कुलात गणित शिकवत होते. म्हणाले, ‘थोडं लिहिलंय. तुम्ही बघाल का?’ थोडं म्हणजे दोनशे पानी तीन वह्या निघाल्या. समास आखलेला, प्रत्येक आठवणीला क्रमांक, आणि शक्य तिथे तारीख. मुलगी आणि मुलगा यांचे लेख नंतर आले, केंद्रावरच्या जुन्या मंडळींचे त्याहून नंतर. त्या सगळ्याचं हे पुस्तक झालं आहे.

आपल्याकडे या जातीची पुस्तकं बहुतेक उलट दिशेनं लिहिली गेली. रमाबाई रानड्यांनी न्यायमूर्तींच्या आठवणी लिहिल्या, त्या १९१० मध्ये प्रसिद्ध झाल्या. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त रेव्हरंड टिळक पानोपानी आहेत. सुनीताबाईंनी ‘आहे मनोहर तरी’ लिहिलं, तेव्हा तर पुलंना मानणारा निम्मा महाराष्ट्र दचकला. बायकांनी नवऱ्याकडे नीट बघितलं आणि लिहिलं. नवऱ्यांनी बायकोवर लिहिलं ते बहुधा अर्पणपत्रिकेपुरतं. तिथेही ‘हिच्या सोशिकपणास’ असं काहीतरी. म्हणून सरांच्या वह्या उघडताना मला जरा धास्तीच होती. सोशिक, सोज्वळ, अन्नपूर्णा वगैरे निघाली तर काय करायचं? तसं काही निघालं नाही. पहिल्या वहीतलं तिसरं वाक्य असं आहे: ‘हिला स्वयंपाकाची आवड नव्हती आणि ते तिनं लग्नाआधी सांगितलं होतं.’ तिथेच मी निर्धास्त झाले.

एक मात्र आहे. तिन्ही वह्यांत सरांनी पत्नीचं नाव एकदाही लिहिलेलं नाही. सगळीकडे ‘ही’, ‘हिने’, ‘आमच्या हिचं’. घरातही ते तिला नावानं हाक मारत नसत, ‘अगं, ऐकलंस का’ एवढ्यावर संसार झाला. मुलांना ती आई, सुनेला आई, आम्हाला ताई, श्रोत्यांना नुसता आवाज. तिचं पूर्ण नाव नियमानं कोण घेत असेल तर ते सरकार. ड्युटीचा तक्ता, पगारपत्रक, आणि सुरुवातीच्या काळातले करारनामे. आकाशवाणीचे करार भारताच्या राष्ट्रपतींच्या वतीनं व्हायचे. ‘घरात माझं नाव कुणी घेत नाही, राष्ट्रपती घेतात,’ असं त्या हसत म्हणायच्या. तो विनोद मी इतक्यांदा ऐकला होता की तो विनोद आहे हेच विसरून गेले होते.

ताईंचं लहानपण रेडिओ नसलेल्या घरात गेलं. रेडिओ घ्यायचा तर त्याचा परवाना काढावा लागायचा, दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे. त्यांच्या वडिलांना ते परवडण्याजोगं नव्हतं. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी चाल बांधायची, आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गाणी. त्या वर्षभर ताई समोरच्या वकिलांच्या ओसरीवर बसून ते ऐकत. गाण्यांचं वेड सगळ्या गल्लीलाच होतं, पण या मुलीचं लक्ष दुसरीकडेच. गाणं सुरू व्हायच्या आधी जो माणूस बोलतो तो बोलायचं कधी थांबतो आणि गाणं नेमकं कधी उचलतं, तेवढं ती बघत बसायची. ‘त्या दोघांच्या मधे एक श्वास असतो. तो कुणाचा, हे मला कळायचं नाही,’ असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. पुढे तो श्वास हेच त्यांचं काम झालं.

आता बांगड्या. स्टुडिओतल्या मायक्रोफोनला काचेच्या बांगड्यांचं वावडं असतं. कागद उलटताना हात हलला की खळ्ळ आवाज होतो आणि घराघरात तो ताट पडल्यासारखा ऐकू जातो. त्यामुळे आत जाताना बांगड्या काढून ठेवायच्या, इतकं ते साधं. पण नव्यानं लग्न झालेल्या मुलीनं रोज पहाटे उठून हात मोकळे करायचे, हे कुठल्या सासूला रुचेल? ताईंच्या सासूबाई शिकलेल्या होत्या, सुनेच्या नोकरीचा त्यांना अभिमानही होता, पण या एका गोष्टीपाशी त्या अडल्या. ‘काढायच्या नाहीत. वाढवल्या तर एक वेळ समजू शकते, हातानं काढायच्या नाहीत.’ बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही, ‘वाढवली’ म्हणतो. त्या एका शब्दात किती भीती दडलेली असते ते बायकांना सांगायला नको. यावर तोडगा ताईंनीच काढला. सरांचा मोठा हातरुमाल घ्यायचा, त्याची पट्टी करून मनगटापासून वर घट्ट गुंडाळायची आणि टोक आत खोचायचं. दोन्ही हातांना दोन रुमाल. बांगड्या हातातच राहिल्या आणि आवाजही बंद झाला. मी पाहिलं तेव्हा सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, हातात दोन-दोनच बांगड्या उरल्या होत्या, त्या काढल्या असत्या तरी कुणी विचारलं नसतं. तरी आत जाण्याआधी ताई दारापाशी उभ्या राहून शांतपणे रुमाल गुंडाळायच्या. पहिलवान लंगोट कसतो तसं दिसायचं ते. सरांच्या दुसऱ्या वहीत या रुमालांचा हिशेब आहे: वर्षाला सरासरी आठ.

कामाबद्दल बाहेरच्या माणसाला काय सांगावं? ‘नुसतं बोलायचंच तर असतं’ असं लोकांना वाटतं. पहाटे पाचला दाराशी गाडी यायची. सहाच्या आत संकेतधून. वॉल्टर कौफमन नावाच्या, हिटलरच्या काळात युरोप सोडून मुंबईत आलेल्या संगीतकाराची ती धून. ती आणि ‘वंदे मातरम्’ झालं की पहिला मानवी आवाज निवेदिकेचा. तोवर तिनं कुणाशी चार शब्दही बोललेले नसतात, आणि आवाज मात्र आंघोळ करून बसल्यासारखा हवा. ताई गाडीत पुटपुटायच्या. मला वाटायचं स्तोत्र म्हणतात. एकदा कान देऊन ऐकलं तर ‘चार, चारा, जीव, जाळं, चूक, चिंच’ चाललं होतं. मराठीतले दोन च आणि दोन ज लिहिताना सारखे, बोलताना वेगळे. ‘चारा’ म्हणताना जीभ दाताशी जाते, ‘चार’ म्हणताना मागे. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात ‘चाऱ्याचे भाव’ सांगताना कुणी ‘चार’मधला च लावला की ताईंच्या कपाळावर आठी उमटायची. बाजारभाव त्या गंभीरपणे वाचायच्या. गूळ, हळद, ज्वारी, किमान, कमाल. मी एकदा कंटाळून भरभर वाचले, तर बाहेर आल्यावर म्हणाल्या, ‘तुला जो आकडा आहे तो कुणाच्या तरी मुलीचं लग्न आहे.’ एवढंच. पुन्हा त्या विषयावर बोलल्या नाहीत.

मुलीचा लेख या पुस्तकातला मला सर्वांत आवडलेला. तो ताईंच्या मैत्रिणींना आवडणार नाही. ‘आई आम्हाला कधी ओरडली नाही, असं लोक कौतुकानं सांगतात,’ असं ती लिहिते. ‘खरं आहे. पण ते मायेपोटी नव्हतं. सकाळच्या ड्युटीसाठी ती गळा राखून ठेवायची.’ ताई घरात कमी बोलायच्या. जेवायला बोलवायचं तर हाक न मारता ताटावर चमचा वाजवायच्या. लोणचं, चिंच, फ्रीजमधलं पाणी घरात जवळजवळ नव्हतंच, त्यामुळे मुलांनी कैरी खाल्ली ती शेजारच्यांकडे. पहिली सभा, म्हणजे सकाळचं प्रसारण, असेल त्या दिवशी शाळेत जायच्या वेळी आई रेडिओत असायची. मुलगी वेणी सरांकडून घालून घ्यायची, आणि सर गणिती असल्यानं दोन्ही वेण्या तंतोतंत सारख्या पण ढिल्या. शेजारच्या बायका म्हणायच्या, ‘तुझी आई किती गोड बोलते गं!’ हिला वाटायचं, ‘हो ना, तुमच्याशी.’ ही तक्रार मुलीनं आईच्या हयातीत एकदा केली होती. त्यावर आई काय म्हणाली ते तिच्याच लेखात वाचावं. मी ते इथे सांगून टाकत नाही.

सरांचाही एक राग आहे, आणि त्यांनी तो लपवलेला नाही. ११ डिसेंबर १९६७. पहाटे कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर जमीनदोस्त झालं आणि दक्षिण महाराष्ट्र झोपेतून उठून अंगणात आला. यांच्याही घराच्या भिंतीला भेग गेली. थंडी मरणाची, मुलगी जेमतेम वर्षाची, सासूबाई रामनाम घेताहेत. आणि पाचाच्या सुमारास केंद्राची गाडी नेहमीसारखी कोपऱ्यावर येऊन उभी राहिली. ताई क्षणभर थांबल्या, मुलगी सरांच्या हातात दिली आणि गेल्या. शेजाऱ्यांनी ट्रान्झिस्टर बाहेर आणला होता. संकेतधून लागली, मग ताईंचा आवाज आला, रोजचाच, केसभरही न हललेला. सासूबाई म्हणाल्या, ‘पोचली म्हणायची.’ आमच्या केंद्रावर हा प्रसंग शौर्यकथेसारखा सांगितला जायचा, मीही तो नव्या मुलींना तसाच सांगत आले. सरांची पहिली वही वाचली तेव्हा कळलं की अंगणात बसून तो कसा दिसत होता. ‘तिचा आवाज ऐकून आजूबाजूच्या सगळ्यांना धीर आला. मला आला नाही. मला वाटलं, हिला आमची काळजी असती तर आवाज जरा तरी कापला असता. हा राग पन्नास वर्षांनी लिहिताना निम्मा उरला आहे.’ गणिताच्या मास्तरांनी ‘निम्मा’ लिहिलं आहे म्हणजे ते मोजून लिहिलं असणार. ही ओळ काढावी का, असं मुलानं मला विचारलं होतं. मी म्हटलं, बाकीचं काढलंत तरी ही ठेवा.

त्या न कापणाऱ्या आवाजाच्या अलीकडे काय असायचं ते मी एकदा जवळून पाहिलं. ३१ ऑक्टोबर १९८४. सकाळी दिल्लीत इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. दुपारपर्यंत बीबीसीवरून त्या गेल्याचं लोकांना कळलं होतं, पण आकाशवाणीवर अधिकृत बातमी यायला संध्याकाळ झाली. मधले ते तास आम्ही केंद्रावर कसे काढले ते विचारू नका. दिल्लीहून काही आल्याशिवाय कार्यक्रम थांबवता येत नव्हता, त्यामुळे दुपारच्या सभेत चित्रपटगीतं ठरल्याप्रमाणे चालू. ताईंनी तबकड्यांच्या गठ्ठ्यातून दोन उडत्या चालीची गाणी हळूच खाली सरकवली. निवेदन तोडून तोडून एवढंसं केलं: चित्रपट, गायक, बस. ड्युटीरूममधला फोन सारखा वाजत होता. एक फोन त्यांनीच उचलला. पलीकडचा माणूस ओरडून विचारत होता, मलाही ऐकू येत होतं, ‘बाई, खरं काय ते सांगा!’ ताई म्हणाल्या, ‘आमच्याकडे अजून आलेलं नाही. आलं की तुम्हाला रेडिओवर ऐकू येईल.’ रिसीव्हर ठेवला. पेला उचलला तर पाणी साडीवर सांडलं, इतका हात थरथरत होता. मग मला म्हणाल्या, ‘मी खोटं बोलले नाही ना? आलेलं नाही म्हटलं. झालेलं नाही असं नाही म्हटलं.’ तेवढ्यात गाणं संपत आलं. त्या आत गेल्या, फेडर वर केला, आणि काचेपलीकडून मला जो आवाज ऐकू आला त्याचा या बाईशी काही संबंध नसावा असं वाटलं. संध्याकाळी दिल्लीहून आदेश आले, सगळे कार्यक्रम रद्द झाले, आणि पुढे कितीतरी दिवस नुसती वाद्यं वाजत राहिली. सारंगी आजही मला त्या आठवड्यात नेऊन सोडते.

मुलाचा लेख छोटा आहे. तो इंजिनिअर आहे आणि आईपेक्षा आईच्या यंत्रांबद्दल त्यानं जास्त लिहिलं आहे: पाव इंची फीत, ब्लेडनं तिरका काप देऊन जोडणं, तबकडीवरची सुई. आईबद्दल लिहायला जमत नाही म्हणून माणूस स्पूलबद्दल लिहितो, हे ज्याला कळायचं त्याला कळेल. निरोपसमारंभातली भाषणं मात्र पुस्तकात जरा जास्तच झाली आहेत. मी ती कापायला सुचवलं होतं. सर म्हणाले, ‘लोक आपला वेळ काढून आले होते.’ तेव्हा वाचकांनी ती पानं भराभर उलटली तरी चालेल.

एक प्रश्न सगळ्यांनीच विचारला: इतकी वर्षं बोललेल्या बाईचा आवाज कुठे आहे? पुस्तकासोबत काही ऐकायला द्याल का? उत्तर कुणाला पटत नाही. निवेदन थेट जायचं, ते ध्वनिमुद्रित होतच नव्हतं. मुलाखती, श्रुतिका, नभोनाट्यं फितीवर यायची. पण फीत महाग, म्हणून प्रसारण झालं की ती पुसून तिच्यावरच पुढचा कार्यक्रम चढायचा. हे काही एखाद्या केंद्राचं पाप नव्हे, जगभरच्या रेडिओंनी हेच केलं. मोठमोठ्या कलावंतांचं काम असं गेलं. ‘पुन्हा प्रपंच’मधल्या नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांच्या गप्पा मुंबई केंद्रावरून ज्यांनी ऐकल्या, त्यांच्या कानातच त्या जास्त उरल्या असतील. मग नाव न सांगणाऱ्या निवेदिकेचं कोण काय जपणार? निवृत्तीनंतर ताई स्वतःही त्याबद्दल हळहळल्या नाहीत. रोज सकाळी रेडिओ लावून बसायच्या आणि नव्या मुलींच्या चुका पुटपुटायच्या: ‘फेडर उशिरा. श्वास ऐकू आला. च चुकला.’

पण घरात एक कॅसेट निघाली. ताईंच्या शेवटच्या ड्युटीच्या दिवशी सरांनी शाळेतला टेपरेकॉर्डर घरी आणून रेडिओसमोर टेबलावर ठेवला होता. रेडिओ आणि टेप एकत्र असलेलं टू-इन-वन यांच्याकडे नव्हतं. ते असतं तर नुसता रेडिओ मुद्रित झाला असता. इथे खोलीतलं सगळं आलं आहे: भिंतीवरचं घड्याळ, दूधवाल्याची सायकल, कुकरच्या तीन शिट्ट्या. गेल्या पावसाळ्यात मुलीनं ती कॅसेट संगणकावर उतरवून घेतली आणि मला ऐकवली. सभा संपत येते. ताई वेळ सांगतात, लहर सांगतात, सभा संपल्याचं सांगतात. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी त्यांना गळ घातली होती की आज तरी शेवटी नाव सांगा. त्या ‘नमस्कार’ म्हणतात. मग दोन सेकंद काही नाही. रेडिओवर दोन सेकंद फार असतात. त्या शांततेत, रेडिओतून नव्हे, टेबलाच्या अगदी जवळून, एक पुरुषी आवाज हळू पण स्पष्ट ताईंचं नाव घेतो. नुसतं नाव, आडनाव नाही. मग रेडिओची खरखर, आणि खटकन बटण बंद.

मुलीनं ते नाव वडिलांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं होतं. सरांच्या तिन्ही वह्यांत या कॅसेटचा उल्लेख नाही. तिनं विचारलं, ‘बाबा, हे काय?’

सर म्हणाले, ‘काही नाही. रेकॉर्डिंग नीट होतंय का ते बघत होतो.’